२६ जुलै नक्की कशासाठी लक्षात ठेवायचा? १९०२, १९९९ की २००५?

करवीरकर
दरवर्षी २६ जुलै आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तेच, सकाळी कारगिलचे फोटो, दुपारी पाऊस चढला की २००५ च्या बुडालेल्या बसचे फोटो, आणि १९०२ बद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात नोकरीच्या रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायचा हुकूम काढला. महाराज तेव्हा विलायतेत होते, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला गेलेले. आणि हुकूम नुसता शोभेचा नव्हता. ज्या खात्यात या वर्गांतली माणसं ५० टक्क्यांहून कमी आहेत तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची, आणि दर तीन महिन्यांनी खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा. मला तो तक्ताच सगळ्यात मोठा वाटतो, हुकूम दप्तरात कसे मरतात हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं. माझं मत स्पष्ट आहे, महाराष्ट्रात २६ जुलै म्हटलं की पहिलं हे आठवलं पाहिजे, बाकीचं नंतर.

कुर्ल्याची
दादा, हुकूम मोठाच, पण ते "पहिलं" मला लागलं. मी तेव्हा सातवीत, मंगळवार होता, शाळेतून कंबरभर पाण्यातून शेजारच्या काकांचा हात धरून घरी आले. आईने रेशनकार्ड, पप्पांचे गिरणीचे कागद आणि माझी मार्कशीट कुकरमध्ये घातली, झाकण लावलं, शिट्टी काढून तिथे चिंधी कोंबली आणि तो कुकर मांडीवर घेऊन रात्रभर पोटमाळ्यावर बसून राहिली. खाली आमचा गॅसचा सिलिंडर पाण्यावर तरंगत भिंतीला आपटत होता, तो आवाज अजून कानात आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७४, म्हणजे एकाच शहराच्या एका टोकाला कळलंच नाही दुसऱ्या टोकाला काय चाललंय. आमच्याकडे ही तारीख राहिलीच नाहीये. पाऊस लागला की म्हातारी माणसं विचारतात, "परत सव्वीस जुलै होणार का गं?" हे कुणी शिकवलं नाही आम्हाला.

सावित्रीकाठ
मुंबईचा पूर म्हणता तेव्हा आमचं महाड पण घ्या की. जुई, दासगाव, कोंडिवते, डोंगर खाली आला आणि झोपडी-घरं माणसांसकट गाडली गेली. रस्ते बंद, फोन बंद, मुंबईच्या बातम्या चालू. त्याच पावसात गेली ती पण माणसं.

इतिहासाचा मास्तर
सगळ्यांच्या भावना मान्य करून उलट बोलतो. तारीख जुळणं हा निव्वळ योगायोग आहे आणि दिनविशेषाच्या फळ्यावर तीन ओळी लिहून पोरांना इतिहास कळत नाही, मी वीस वर्षं तो फळा लिहून घेतलाय. २००५ समजून घ्यायचं तर मिठी बघा, विहार आणि पवई तलावाचं पाणी घेऊन माहीमच्या खाडीला जाणारी नदी, तिच्यावर विमानतळाचं बांधकाम, कडेला भराव, वस्त्या, कारखाने. ते कारण वर्षभर तिथेच असतं. तारीख खरोखर बोलते ती कुणीतरी मुद्दाम निवडली तर. १९५२ च्या २६ जुलैला इजिप्तचा राजा फारूक गादी सोडून अलेक्झांड्रियातून बाहेर पडला, आणि चार वर्षांनी त्याच तारखेला, त्याच शहरात नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. तिथे तारखेला अर्थ आहे. आपल्या तीन घटनांत तसा धागा नाही, ओढूनताणून बांधू नका. आणि महाराजांसाठी २६ जून आहेच की, जयंती, सामाजिक न्याय दिन म्हणून सरकारी पातळीवर साजरा होतो.

फौजीचं घर
माझा भाऊ कारगिलच्या लढाईत द्रासला होता, सुखरूप परत आला, त्याचा जोडीदार नाही आला. ५२७ जवान गेले त्या लढाईत. पण एक सांगतो, ज्यांच्या घरचा गेला त्यांची तारीख २६ जुलै नाहीच. कुणाची जूनमधली, कुणाची जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. टायगर हिल ४ जुलैला घेतली, तोलोलिंग त्याच्याही आधी. त्या जोडीदाराची आई २६ ला गावातल्या कार्यक्रमाला येते, पुढच्या खुर्चीत बसते, हार घेते, पण तिचं रडणं जूनमध्ये असतं, घरात, एकटीचं. तरी २६ ला येते ती. त्या दिवशी सगळं गाव तिच्यासोबत उभं राहतं, म्हणून येते. मास्तर, तारखेचा हा उपयोग तुम्ही मोजलाच नाही.

करवीरकर
फौजी भाऊ, हेच मला म्हणायचं होतं आणि नीट जमलं नव्हतं. "पहिलं" हा शब्द मी मागे घेतो, कुर्ल्याच्या ताईंनी लिहिलेलं वाचून तो मलाच बरा वाटेना. पण मास्तर, जयंतीचं पटत नाही. जन्म काही महाराजांच्या हातात नव्हता, हुकूम होता. जयंतीला पुतळ्याला हार पडतो, भाषणात "लोकराजा" म्हणतात आणि संपतं. हुकुमाच्या दिवशी निदान हुकूम वाचावा लागेल, त्यात काय होतं ते विचारावं लागेल. पुराचे फोटो आहेत, सांगणारी माणसं आहेत, कारगिलच्या आया आहेत. १९०२ ला जी पहिली पोरं कचेरीत कारकून म्हणून बसली त्यांचा ना फोटो आहे ना कुणी सांगणारं उरलंय, त्यांना तारखेशिवाय काहीच नाही.

इतिहासाचा मास्तर
हुकूम वर्गात मोठ्याने वाचायचा हे चालेल मला. फळ्यावरची ओळ नको, हुकूमच वाचू. तारखेवर मात्र माझं मत तेच.

कुर्ल्याची
वाचा, नक्की वाचा. माझ्या मोठ्या जावेला राखीव जागेतूनच नर्सिंगला ॲडमिशन मिळालं, पुरानंतर लेप्टोची साथ आली तेव्हा ती वॉर्डात डबल ड्युटी करत होती. आमच्या घरात हे दोन्ही आहे. तो कुकर आईने अजून टाकलेला नाही, रबर गेलंय, भात होत नाही त्यात, जून लागला की कागद काढते आणि त्यात भरून ठेवते.