किनाऱ्यावर झाडं लावणाऱ्यांना जरा थांबवायला हवं का?

रविवारचा माळी (धागाकर्ता)

चार वर्षं हे मी स्वतः केलंय, तेव्हा बाहेर बसून नावं ठेवतोय असं समजू नका. समुद्रकाठच्या आमच्या वस्तीत वीसेक जणांचा गट आहे. रविवारी सकाळी कुदळ-फावडं घेऊन जमायचं, उकिरडे उचलायचे, तिथे वाफे करायचे, जुने टायर रंगवून त्यात रोपं लावायची. दोन वर्षांत वस्तीचा तोंडवळा पालटला. मग आमचे हात शिवशिवायला लागले आणि आम्ही थेट वाळूत उतरलो. भरतीरेषेच्या वरचा वाळूचा उंचवटा 'ओसाड' दिसत होता ना! त्यावरचं तण उपटलं, लाल माती आणून पसरली, हिरवळ लावली, कडेने सुरूच्या झाडांची रांग.

ते तण म्हणजे मर्यादवेल होती. नाव कळलं तेव्हा उशीर झाला होता.

ही वेल वाळूवर सरपटत जाते आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं धरते. वाऱ्याने उडणारी वाळू तिच्या पानांत अडकते. वाळूखाली गाडली गेली तरी ती पुन्हा वर डोकं काढते, आणि तिच्याबरोबर वाळूची टेकडीही वाढते. मोठं उधाण आलं की लाटा हीच साठलेली वाळू ओढून नेतात, म्हणून मागची जमीन वाचते. आम्ही ती साठवणच मोकळी केली. पुढच्या उधाणात तो उंचवटा सुरीने कापावा तसा उभा तुटला. लाल माती समुद्रात, हिरवळ करपलेली, आणि पहिल्या रांगेतले दोन सुरू आडवे.

म्हणून माझं म्हणणं: वस्तीत हवी तेवढी बाग करा. पण भरतीरेषेपासून मागच्या झाडीपर्यंतच्या पट्ट्यात हौशी गटांनी शोभेसाठी एकही रोप लावू नये.

भरतीओहोटी

दुधाने तोंड पोळलं म्हणून तुम्ही ताक फुंकताय, आणि आम्हालाही फुंकायला लावताय. असहमत.

माणसं रविवारची झोप मोडून येतात ती वाळूच्या शास्त्रासाठी नाही. आपण लावलेलं फूल पुढच्या रविवारी बघायला मिळतं म्हणून येतात. ती ओढ काढून घेतलीत तर गटात तुम्ही आणि तुमचं फावडं एवढंच उरेल. २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर एका वयस्क शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. तज्ज्ञांची समिती बसेपर्यंत ते थांबले नाहीत. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. सामान्य माणसाने 'आधी शिकतो, मग करतो' म्हटलं की ते काम होत नाही, हा माझा अनुभव आहे.

रविवारचा माळी

उदाहरण छान आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तिथे गाजलेलं काम उचलण्याचं आहे. पिल्लं आली ती वाळू मोकळी झाली म्हणून, कुणी तिथे गुलाबाचे ताटवे केले म्हणून नव्हे. चुकून जास्त प्लास्टिक उचललं तर कुणाचं नुकसान होत नाही. चुकीचं झाड लावलं तर ते पन्नास वर्षं उभं राहतं.

खारं वांगं

एकच प्रश्न. तिसऱ्या वर्षी पाणी कोण घालतं?

(उद्घाटनाचे फोटो सगळ्यांकडे असतात, म्हणून विचारलं.)

उंटावरचा शहाणा

खाऱ्या वांग्याचा प्रश्न गमतीचा वाटला तरी धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. हिरवळीला रोज पाणी लागतं. वाळू पाणी धरत नाही, त्यामुळे जरा जास्तच. मग पाणी येतं कुठून? जवळच्या विहिरीतून किंवा बोअरमधून. किनाऱ्याजवळ जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी उपशाने एक मीटर खाली गेली तर खालची खारी सीमा सुमारे ४० मीटर वर सरकू शकते. बागेसाठी पंप लावायचा आणि दोन-चार वर्षांनी शेजारच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं की 'समुद्र आत आला' म्हणायचं. समुद्र आपण होऊन येत नाही, आपण त्याला बोलावतो.

दुसरं, रोपं. झटपट पसरते, पिवळी फुलं येतात, देखभाल नको, म्हणून वेडेलिया लावणारे गट मी पाहिलेत. जगातल्या सर्वांत वाईट १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे. फ्लोरिडात सुरू बाहेरून आणून लावला. आता तिथे तो आक्रमक समजला जातो आणि समुद्री कासवांच्या विणीला अडथळा होतो. त्याच्या काड्यांचा जाड थर साचला की खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. कॅलिफोर्नियात वाळू-माती धरून ठेवायला म्हणून दक्षिण आफ्रिकेतून आलेली 'आईस प्लांट' ही जाड पानांची, जमिनीवर पसरणारी वनस्पती रस्त्यांच्या आणि रुळांच्या कडेला पसरवली. दिसायला झकास, गालिचाच. आज तिथले स्वयंसेवक हातमोजे घालून तीच उपटत बसतात. एका पिढीने लावायचं आणि दुसरीने उपटायचं, असं सामाजिक कार्य.

मात्र 'एकही रोप नको' हेही मला पटत नाही. वस्तीच्या बाजूला वाऱ्याला आडोसा हवाच, नाहीतर खाऱ्या तुषारांनी आतली रोपं जळतात. तिथे पक्की भिंत बांधू नका. भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवऱ्यासारखा आदळतो. अर्धा वारा जाऊ देणारी झुडपांची रांग बरी; तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मागे आडोसा मिळतो. भेंड, उंडी, करंज जिथली मूळची आहेत तिथे हे काम उत्तम करतात.

अवांतर: बागेत दिवे लावायची हौस आवरा. कासवाची पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्राऐवजी तुमच्या बाकड्याकडे येतील.

जाळंवाली

सगळे फुलांवर आणि कासवांवर बोलताय. माणसांवर कधी बोलणार?

तुम्हाला जो उंचवटा ओसाड दिसला त्याच्या शेजारीच आम्ही जाळी पसरतो, फाटलेली विणतो, मासळी वाळवतो. होडी ओढून वर आणायला सरळ वाट लागते, बागेतून नागमोडी पायवाट नाही. आमच्या इथे एका गटाने असंच सुशोभीकरण केलं. मंडळी चांगली होती, सरबत घेऊन यायची. आधी कुंड्या आल्या, मग कुंड्या चोरीला जातात म्हणून कुंपण, मग बाकडी, मग पाटी: 'येथे जाळी पसरू नयेत'. ज्या जागेवर माझ्या सासऱ्यांनी जन्म काढला तिथे मी परवानगी मागायची! आम्हाला कुणी विचारलं नव्हतं असंही नाही. विचारलं होतं. रविवारी सकाळी दहाला सभा ठेवली होती, आमची माणसं समुद्रात असताना.

'सुशोभीकरण' शब्द कानावर आला की आमच्या घरात पहिला प्रश्न असतो: आता कुणाला उठवणार?

भरतीओहोटी

ताई, तुमच्याबाबतीत झालं ते चूकच. पण बाग नसती तर ती जागा तुमच्याकडेच राहिली असती, याची खात्री आहे का? मोकळी जागा दिसली की तिच्यावर मोठ्यांचे डोळे असतात. न्यूयॉर्कमध्ये १९७३ मध्ये लिझ ख्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी कचऱ्याने भरलेल्या पडीक जागेत बाग केली. पुढे शहरभर अशा शेकडो बागा झाल्या. १९९९ मध्ये महापालिकेने त्यांतल्या शंभरहून अधिक लिलावात काढल्या, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि संस्थांनी पैसे उभे करून त्या वाचवल्या. नुसत्या रिकाम्या जागांसाठी कोण भांडलं असतं? बाग म्हणजे लोकांनी जागेवर सांगितलेला हक्क असतो.

जाळंवाली

तेच तर म्हणतेय. हक्क सांगितला. कुणी, आणि कुणाच्या जागेवर?

तुमच्या न्यूयॉर्कच्या जागेत कचरा होता. आमच्या जागेत आम्ही होतो.

रविवारचा माळी

खरं सांगायचं तर धागा काढताना ही बाजू माझ्या डोक्यात नव्हती. आमच्या उंचवट्याशेजारीही दोन होड्या असायच्या. नंतर दिसेनाशा झाल्या. आम्ही त्याला 'परिसर मोकळा झाला' म्हणालो होतो.

भरतीओहोटी, हक्काचा मुद्दा वस्तीतल्या उकिरड्यासाठी मान्य. किनाऱ्यासाठी नाही. आणि फूल दिसल्याशिवाय माणसं येत नाहीत म्हणता, तर मर्यादवेलीला छान जांभळी फुलं येतात. आता आम्ही तीच परत लावतोय. तीन-चार पेऱ्यांचे तुकडे घ्यायचे, निम्मे पेरे वाळूत दाबायचे, जमलं तर पावसाच्या तोंडावर, म्हणजे पंप लागत नाही. चालणाऱ्यांनी तुडवू नये म्हणून खुंट्यांना साधी दोरी. मागच्या वर्षी लावलेल्यांतले निम्मे मेले. उरलेल्यांपाशी वाळू थोडी उचललेली दिसते.

खारं वांगं

म्हणजे 'एकही रोप लावू नये' म्हणणारा माणूस रोपं लावतोय. +१

रविवारचा माळी

'शोभेसाठी' हा शब्द पुन्हा वाचा, महाराज.

भरतीओहोटी

वाळूच्या पट्ट्यापुरती माघार घेतो. पण बसथांब्यामागची आमची बोगनवेल कुणी काढायला सांगू नका. आठ वर्षांची आहे, खारा वारा खाते, पाणी जवळपास मागत नाही, आणि तिच्यामुळे तिथे कुणी कचरा टाकत नाही. तिच्यासाठी मी भांडेन.

जाळंवाली

बोगनवेल ठेवा. माळीभाऊ, दोरी बांधण्याआधी होडीची वाट कुठून जाते ते बघून घ्या. तुमच्या वस्तीतही कुणाची तरी असेलच, ते दाखवतील. फक्त सकाळी दहाला विचारायला जाऊ नका.