एमसीएफ-७ पेशी मरतात, पण जेलवर डीएनएची शिडी का येत नाही?

सातपुडा_बायो (जळगाव)
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींना १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन (पेशीला आत्मघाताकडे ढकलणारं रसायन) २४ तास दिलं. पेशी गोल होऊन सुटतात, एमटीटी चाचणीतही जिवंत कमी दिसतात. पण १.८ टक्के अ‍ॅगॅरोजवर शिडी (ठरावीक लांबीच्या डीएनए तुकड्यांचे पट्टे) नाही, वेलजवळ (नमुना भरायच्या खाचेजवळ) एक जाड पट्टा तेवढा. बफरात १० मिलिमोलर ईडीटीए आहे. त्याने मॅग्नेशियम पकडल्यामुळे डीएनए कापणारं कॅड एन्झाइम बंद पडत असेल का? आणि त्याच्यासोबतचं आयकॅड प्रथिन नेमकं काय करतं?

शेवभाजी_धुळे
भाऊ, ईडीटीएवर आळ घेऊ नको. लायसिसच्या आधीच जे कापायचं ते कापून झालेलं असतं. पुढचं कापणं थांबावं म्हणूनच तो घालतात. काढलास तर इतर न्यूक्लिएज (डीएनए कापणारी एन्झाइमं) मोकाट सुटतील आणि शिडीऐवजी स्मिअर (सलग पसरट डाग) मिळेल.

गोम पेशीतच आहे. एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ (पेशी मरताना प्रथिनं कापणारं एन्झाइम) नसतं. त्याच्या जनुकाच्या तिसऱ्या एक्सॉनमधले ४७ बेस गळालेले आहेत. आणि कॅडवरचं आयकॅडचं कुलूप मुख्यतः तेच तोडतं, ११७ आणि २२४ क्रमांकाच्या अ‍ॅस्पार्टेटपाशी. आयकॅडचे तीन तुकडे झाले की कॅड सुटतं. कॅस्पेज-७ सुद्धा आयकॅड कापतं, पण फार मंद. म्हणून पेशी मरते, शिडी मात्र दिसत नाही.

हेला किंवा ज्युरकॅट पेशी घे. ज्युरकॅटला याच मात्रेत ४ ते ६ तास पुरतात. २४ तास ठेवल्यास पेशी फुटून नुसता धुरळा होतो.

तापीकाठ
आयकॅडबद्दल थोडं. कॅडचे दोन रेणू जुळले की कात्री तयार होते, दोन पाती समोरासमोर. फटीत डीएनए शिरतो, पण न्यूक्लिओसोमवर (प्रथिनांच्या रिळावर) गुंडाळलेला नाही, दोन न्यूक्लिओसोममधला मोकळा दुवा. म्हणून तुकडे १८० ते २०० बेसपेअरच्या पटीत पडतात. आयकॅड एकेका पात्याला धरून ठेवतं, जोडी जमूच देत नाही.

दुसरी बाजू लोक विसरतात. कॅड बनतानाच त्याची नीट घडी पडायला आयकॅड लागतं. ई. कोलायमध्ये एकटं कॅड बनवलं की निरुपयोगी गोळा मिळतो. दोन्ही जनुकं एकत्र घालून जोडी शुद्ध करायची, मग कॅस्पेज-३ ने सोडवायची. यात आयकॅडचं लांब रूप घ्यायचं. आखूड रूप अडवतं, पण घडी घालत नाही.

सातपुडा_बायो
आलं लक्षात. पण कॅडला रोखायला पेशी मॅग्नेशियमच कमी का करत नाही?

तापीकाठ
मॅग्नेशियम एटीपीला लागतं, शेकडो एन्झाइमांना लागतं. एका डब्याला कुलूप लावायचं तर गावभर अंधार कशाला करायचा? शिवाय अडवणारं प्रथिन नेमकं आपलं एन्झाइम ओळखून बसतं. कोलिसिन ई९ हे डीएनए कापणारं विष सोडणारे जिवाणू स्वतःच्या बचावाला आयएम९ हे अडवणारं प्रथिन बनवतात. या जोडीचा विघटन स्थिरांक (जितका कमी तितकी पकड घट्ट) १०⁻¹⁴ मोलरच्या आसपास, आणि गंमत म्हणजे आयएम९ कापायच्या जागेवर बसत नाही, शेजारी बसतं. डीएनेज-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला पेशीतलं मोकळं अ‍ॅक्टिन प्रथिन एकास एक चिकटून अडवतं. पेशींच्या कच्च्या अर्कात डीएनेज-१ चालत नसेल तर आधी तिकडे बघा.

वेल_नंबर_सात (नंदुरबार)
पेशी बदलूनही शिडी नाही आली तर पद्धत तपासा. बहुतेक किट सगळाच डीएनए काढतात, त्यात तुकडे दबून जातात. १ ते २ दशलक्ष पेशी १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, १० मिलिमोलर ईडीटीए आणि ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० मध्ये बर्फावर २० मिनिटं ठेवा. १४,००० जी ला फिरवा आणि वरचं पाणी घ्या. अखंड डीएनए खाली बसतो. त्यात आरनेज ए (१०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, ३७ अंश, १ तास), मग प्रोटिनेज के (२०० मायक्रोग्रॅम, ५० अंश, १ तास). शेवटी ०.५ मोलर मीठ आणि समान आयसोप्रोपॅनॉल. व्होर्टेक्स करू नका. जेल ५ व्होल्ट प्रति सेंमीवर.

दोन चुका नेहमीच्या. पेशी उचलताना वरचं माध्यम सिंकमध्ये ओतून देणं, कारण मेलेल्या पेशी त्यातच तरंगत असतात. आणि मे महिन्यात 'रूम टेंपरेचर'वर नळ्या ठेवणं. जळगावात तेव्हा खोलीच चाळिशीला असते भो, लाईट गेली की पंखाही नाही. प्रोटोकॉल लिहिणाऱ्याच्या डोक्यात २५ अंश असतात.

वेस्टर्नही (प्रथिन आकारानुसार ओळखायची चाचणी) करा. आयकॅड ४५ किलोडाल्टनला अखंड दिसलं तर कुलूप शाबूत आहे, जेल चालवून उपयोग नाही.