लिफ्टच्या गणितात आभासी बल (लिफ्टला त्वरण असल्यामुळे आतून पाहताना धरावं लागणारं, खरं नसलेलं बल) धरलं की उत्तर चुकतं. मदत हवी आहे
लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभं राहून पाहिलं (सुईवाला काटा, डिजिटलचा आकडा अडकून बसतो). वजन ६० किलो. वर निघताना सुई क्षणभर ६६, मधे ६०, थांबताना ५४. खाली येऊन थांबतानाही ६६! वेग खाली, त्वरण वर, इथवर कळलं. त्वरण साधारण ०.९८ मी/से² निघतं.

जमिनीवरून मांडलं तर बरोबर: काट्याचं बल वजा गुरुत्वबल = वस्तुमान × त्वरण. लिफ्टच्या चौकटीतून (म्हणजे लिफ्टच्या आतून पाहून) मांडताना मात्र डावीकडे आभासी बल खाली दिशेने धरतो, उजवीकडे वस्तुमान × त्वरण तसंच ठेवतो आणि उत्तर येतं ७२. सुई काही ७२ दाखवत नाही. चिन्हं दोनदा तपासली.

कलनशास्त्र नको, आकृती चालेल. लिफ्टच्या चौकटीत उजवी बाजू शून्यच धरायची का, आणि का?