घरात मोटर न्यूरॉनचा आजार (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होतात तो) असेल तर आवाजाची नोंद ठेवावी का?

लश्करवाली:
ठेवावीच. आमच्याकडे गणपतीत मंत्रपुष्पांजली बाबाच म्हणायचे, खणखणीत. एका वर्षी दम मधेच तुटला, आवाज नाकातून येऊ लागला, 'ट'-'ठ' म्हणताना जीभ जड व्हायची. सात-आठ महिने घशाची आणि पित्ताची औषधं चालली. मग एका डॉक्टरांनी नुसतं तोंड उघडायला सांगितलं, जीभ आतच ठेवून. जिभेवर बारीक फडफड, कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तशी. आत्याचा हाच, मोटर न्यूरॉनचा आजार पायापासून सुरू झाला होता. डॉक्टर म्हणाले, आनुवंशिक. आता दर गणपतीत आम्हा तिघा भावंडांकडून मी तीच मंत्रपुष्पांजली म्हणवून घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करते, आवाज बदलला तर कळावं म्हणून.

सराफ्यातला:
ताई, नका करू. माझी आई यातच गेली. तेव्हापासून घसा बसला की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. सर्दी, पित्त, थायरॉइड, वय, कशानेही आवाज बदलतो. आणि कळून करायचं काय? रिलुझोल हे औषध १९९५ पासून आहे, त्याने आयुष्य जेमतेम काही महिने वाढतं.

वाचोपचारवाली:
नुसत्या आवाजावरून निदान होत नाही, हे दादांचं बरोबर. पण 'करायचं काय' हे आता तितकं खरं नाही. आनुवंशिक रुग्ण साधारण १० टक्के. त्यातल्या एसओडी१ या जनुकाच्या दोषावर टोफर्सेन हे औषध आलंय, अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं, पाठीच्या कण्यातून देतात. सी९ओआरएफ७२ या दुसऱ्या जनुकाच्या दोषात बोलण्या-गिळण्यापासून सुरुवात जास्त दिसते, पण एकाच घरात एकाला पाय, दुसऱ्याला जीभ असंही होतं. आणि पुरुषांत जीभ फडफडते, हात कापतात, छाती वाढते, तेव्हा केनेडीचा आजार, म्हणजे असाच दिसणारा दुसरा आनुवंशिक आजारही असू शकतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू चालतो. म्हणून आधी आजारी माणसाची जनुकचाचणी, तीही समुपदेशनानंतर.

लश्करवाली:
दादा, आजार ओळखणं एवढंच कारण नाही हो. शेवटी बाबा पाटीवर लिहून बोलायचे. त्यांच्या आवाजाचं आमच्याकडे एकच रेकॉर्डिंग आहे, तेही झांजांच्या गलक्यात. आवाज आधी साठवला असता तर पुढे यंत्र त्यांच्याच आवाजात बोललं असतं.

सराफ्यातला:
हे मात्र पटलं. आईचा आवाज माझ्याकडेही नाही. पण माझी मुलगी १४ वर्षांची आहे, तिला यात ओढायचं नाही.

वाचोपचारवाली:
ओढूही नका. लक्षणं नसलेल्या अल्पवयीन मुलांची ही चाचणी करत नाहीत. मोठी झाली की तिचं ती ठरवेल.

सराफ्यातला:
मग तोवर ती गाते तेव्हा मी गाणंच ऐकेन. माझा आवाज मात्र या रविवारी भरून ठेवतो.