कूलंट ‘मिन’च्या खाली गेलंय, पाणी टाकू का? (नवीन गाडी, उन्हाळ्याच्या आधी)

त्रिमूर्तीनगर_नवीगाडी

नमस्कार. पहिलीच गाडी आहे, म्हणून विचारून राहिले. पेट्रोल हॅचबॅक, सात महिने झाले, ६,२०० किमी. काल बोनट उघडलं तर कूलंटच्या पांढऱ्या बाटलीतली पातळी ‘मिन’च्या रेघेच्या बोटभर खाली. आतलं कूलंट हिरवं आहे. शेजारचे काका म्हणतात, नळाचं पाणी टाकून दे, नागपुरात काय बर्फ पडतो का? सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पुढच्या सर्व्हिसला पाहू, आणि ती पाच महिन्यांनी आहे. मधे अख्खा मे महिना, शिवाय सुट्ट्यांत समृद्धीवरून शिर्डीला जायचं आहे. काय टाकू आणि किती? कोणतंही हिरवं कूलंट चालेल का? आणि मेकॅनिककडे न जाता घरीच काय काय पाहत राहायचं?

बोनट_उघडा

ताई, आधी हे सांगा की पातळी कधी पाहिली? गाडी चालवून आल्यावर पाहिली असेल तर त्या रेघेला अर्थ नाही. गरम कूलंट फुगतं, थंड झालं की खाली येतं. रात्रभर उभी असलेली गाडी, सपाट जागा, सकाळी स्टार्ट करायच्या आधी, अशी पाहायची. बाटलीच्या प्लास्टिकमधून दिसत नसेल तर मागून मोबाइलचा टॉर्च धरा, पातळी स्पष्ट दिसते.

दुसरं, तुमच्या गाडीची बाटली कोणत्या प्रकारची आहे ते पाहून घ्या. एका प्रकारात रेडिएटरला स्वतःचं वेगळं झाकण असतं आणि तिथून एक बारीक रबरी नळी बाटलीत जाते. या बाटलीत प्रेशर नसतं. इंजिन गरम झालं की जास्तीचं कूलंट बाटलीत येतं, थंड झालं की रेडिएटर ते परत ओढून घेतो. इथे फसगत अशी होते की झाकणातला छोटा व्हॉल्व्ह खराब झाला किंवा नळीला चीर गेली, तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. म्हणून महिन्यातून एकदा, गाडी पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडून आत काठापर्यंत कूलंट आहे का ते पाहायचं. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरला झाकणच नसतं. बाटलीलाच जाड, आट्यांचं झाकण असतं आणि बाटलीतही प्रेशर असतं.

दोन्ही प्रकारांत गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. प्रेशरखाली कूलंट १०० अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल केलं की प्रेशर जातं आणि तेच कूलंट त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं.

नवीन गाडीत पहिल्या काही महिन्यांत पातळी थोडी उतरते. कारखान्यात भरताना अडकलेले हवेचे बुडबुडे हळूहळू निघतात आणि त्यांची जागा कूलंट घेतं. एकदा भरून ती तिथेच टिकली तर विषय संपला.

काटोलरोडवाला

काका फार चुकीचं नाही सांगून राहिले. जुन्या ॲम्बॅसिडर आणि जीपा साध्या पाण्यावरच चालल्या ना. कूलंट मुळात गोठू नये म्हणून असतं, आपल्याकडे त्याचं काय काम? पाव लिटर पाण्याने इंजिन बसत नाही.

हिंगणा_गॅरेज

काटोलरोडवाला भाऊ, त्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे आणि इंजिन ओतीव लोखंडाचं. आजच्या हॅचबॅकचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, हेड (इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं, वॉटर पंपाचं सील नाजूक. साध्या पाण्याने आतून गंज आणि क्षार दोन्ही सुरू होतात. बोरचं पाणी कूलरच्या खसताटीवर दोन महिन्यांत जो पांढरा थर सोडतं, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. फरक इतकाच की ताटी बदलता येते.

गोठण्याचं म्हणाल तर ते कूलंटचं एकच काम झालं. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्या भांड्यात १०७ अंशांच्या आसपास उकळतं, झाकणाच्या प्रेशरखाली १२५च्या पुढे. ४५ डिग्रीच्या दुपारी एसी लावून वर्धा रोडच्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला हीच शिल्लक वाचवते. गंज रोखणारी रसायनंही त्याच कॅनमध्ये असतात.

पाणी टाकत गेलं की काय होतं त्याचा हिशेब सोपा आहे. समजा सिस्टिममध्ये पाच लिटर मावतं, त्यात अडीच लिटर ग्लायकॉल. एक लिटर गळालं आणि तेवढं पाणी भरलं, तर ग्लायकॉल दोन लिटर उरलं, म्हणजे ४० टक्के. पुन्हा एक लिटर गेलं आणि पुन्हा पाणी भरलं, की ३२ टक्के. बाटली मात्र दोन्ही वेळा भरलेली आणि हिरवीच दिसते.

आता ताईंचं उत्तर. रंगावर जाऊ नका. रंग कंपनी आपल्या मनाने टाकते, एकाच रंगाची दोन कूलंटं आतून वेगळी असू शकतात. मॅन्युअलच्या शेवटी तेल-पाण्याचं कोष्टक असतं, त्यात कूलंटचा प्रकार लिहिलेला असतो. तोच घ्या, शक्यतो गाडीच्या कंपनीचाच. चुकीचे दोन प्रकार एकत्र आले तर गंजरोधक निकामी होतात, कधी चिकट गाळ धरतो आणि तो हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतो.

कॅन घेताना ‘रेडी टू यूज’ आहे की ‘कॉन्सन्ट्रेट’ ते वाचा, सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. रेडी असेल तर तसंच ओतायचं, वर पाणी नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर साधारणपणे तितकंच डिस्टिल्ड पाणी मिसळून मग ओतायचं. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतलं तर जास्त थंडावा मिळेल असं वाटतं, होतं उलट. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन बॅटरीच्या दुकानात मिळतो, फक्त तो ॲसिडचा नाही ना हे लेबलवर पाहून घ्या. आरओचं पाणी रस्त्यात अडकल्यावर चालेल, नेहमीसाठी नाही.

तुम्हाला पाव-अर्ध्या लिटरच्या आतच लागेल. थंड गाडीत ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मधे आणा, काठोकाठ भरू नका. फुगायला जागा ठेवायची असते. मग पातळीवर मार्करने रेघ मारा, तारखेसह फोटो काढा आणि दर रविवारी सकाळी पाहा. महिनाभरात रेघ हलली नाही तर निश्चिंत. खाली गेली तर ते कुठेतरी जातंच आहे, कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. पुढच्या सर्व्हिसपर्यंत न थांबता जा, जॉब कार्डवर ‘कूलंट कमी होत आहे’ असं लिहून घ्या आणि प्रेशर टेस्ट करायला सांगा. हातपंपाने सिस्टिममध्ये झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकं प्रेशर भरतात, काटा टिकतो की उतरतो ते पाहतात. वॉरंटीतली गाडी आहे, तोंडी ‘नॉर्मल आहे’ यावर समाधान मानू नका.

त्रिमूर्तीनगर_नवीगाडी

धन्यवाद! सकाळी थंड गाडीत पाहिलं, तरी खालीच आहे. रेडिएटरला वेगळं झाकण आहे, आत काठापर्यंत भरलेलं दिसलं. पण काल संध्याकाळी गाडीखाली डाव्या बाजूला पाणी टपकत होतं. ती गळती तर नाही? आणि माझ्या गाडीत टेम्परेचरची सुईच नाही.

हिंगणा_गॅरेज

डाव्या सीटच्या पुढच्या भागाखाली, एसी चालवून आल्यावर, बिनरंगी, बिनवासाचं पाणी असेल तर ते एसीचं. त्याची काळजी नको. कूलंट बोटांत धरलं की बुळबुळीत लागतं, रंग असतो, वास गोडसर. चाखून पाहू नका, विषारी आहे. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवून काढा, गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

रात्री इंजिनखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग कुठे पडला ते पाहा. वरून पाहायचं तर होज पाइपच्या क्लिपा, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे जोड आणि वॉटर पंपाच्या खालची बाजू. बारीक गळती थेंब दाखवत नाही, गरम इंजिनावर सुकून जाते. मागे पांढरी किंवा हिरवट खपली राहते, ती शोधायची. डाव्या सीटच्या पायाखालचा गालिचा चिकट-ओला आणि काच आतून तेलकट धुकट होत असेल तर हीटरची जाळी गळते आहे.

बाहेर काहीच नाही आणि तरी कमी होतं, तेव्हा हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि इंजिनाच्या मधल्या सीलचा, संशय घ्यायचा. खुणा अशा: सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर, ऑइलच्या पट्टीवर कॉफीच्या रंगाचा फेस. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा फेस दिसला तर घाबरू नका. पावसाळ्या-हिवाळ्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी आतल्या दमटपणाने तो धरतो.

सुई नसेल तर तापमानाचे दिवे असतात. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे तापलं. पण सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच तो खरं सांगतो. कूलंट उतरून सेन्सर हवेत आला की हेड भाजत असतानाही दिवा लागत नाही. म्हणून दिव्यावर भरवसा ठेवून बाटली पाहणं सोडायचं नाही.

बोनट_उघडा

फॅनही तपासा. गाडी उभ्यानेच स्टार्ट करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात रेडिएटरचा फॅन फिरायला लागतो, आवाज येतो. हात दूर ठेवा, तो कधीही सुरू होतो. समृद्धीवरून आल्यावर पुढच्या जाळीत किड्यांचा आणि धुळीचा थर बसतो, तो बागेच्या साध्या पाइपने हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की पत्र्याच्या बारीक पट्ट्या आडव्या होतात आणि हवा जायला जागा राहत नाही.

बाकी थोडक्यात. ऑइल: इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा घाला, दोन खुणांच्या मधे हवं. वरच्या खुणेच्या पुढे भरलं की फेस होतो, तेही वाईटच. हवा: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा असतो, तो थंड टायरचा. पंपावर पोचेपर्यंत टायर गरम होऊन तीन-चार पीएसआय वाढलेले असतात, ते काढू नका. उलट बाजू अशी की तापमान पाच-सहा अंश उतरलं की एक पीएसआय जातो. मे महिन्यात बरोबर असलेली हवा डिसेंबरच्या पहाटे चार-पाच पीएसआय कमी भरते. लांबच्या प्रवासाआधी स्टेपनीही पाहा, ती सगळे विसरतात.

बॅटरीचा खरा शत्रू आपला उन्हाळा. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर आधी निगेटिव्ह वायर काढा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, वर व्हॅसलिन. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना साधारण १४.

काटोलरोडवाला

बरं भाऊ, पाण्याचं मागे घेतो. आणि ब्रेक ऑइल कमी दिसलं तर, तेही टाकून द्यायचं का?

हिंगणा_गॅरेज

लगेच नाही. ब्रेकचे पॅड झिजले की त्यांना दाबणारे पिस्टन पुढे सरकतात आणि तेवढी पातळी आपोआप उतरते. आधी पॅड तपासा. कमी दिसलं म्हणून भरून ठेवलं, तर नवीन पॅड टाकताना पिस्टन मागे दाबले की तेच ऑइल वर येऊन सांडतं आणि रंग उडवतं. पॅड जाड असूनही पातळी उतरली तर गळती आहे, गाडी हलवू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात. उघडा डबा ठेवून पुढच्या वर्षी वापरायचा नाही.

ताई, शिर्डीच्या रस्त्यात लाल दिवा लागलाच, तर एसी बंद, हीटर फुल गरम, डावीकडे घेऊन थांबा. वाफ नसेल आणि फॅन फिरत असेल तर मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून दिवा विझतो का ते पाहा. वाफ असेल किंवा दिवा विझत नसेल तर इंजिन लगेच बंद. वाफ थांबेपर्यंत बोनट नाही, अर्धा-पाऊण तास झाकण नाही. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका, हेड वाकतं. डिकीत रेडी टू यूज कूलंटचा एक लिटरचा कॅन ठेवा, आणि तोच, जो आत आहे.