हिपॅटायटीस सीचे उपचार सुरू असताना मधुमेही रुग्णाची साखर उतरते, ती कशामुळे?

सुरंगी (देवगड) :
माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत त्यांना हिपॅटायटीस सी (यकृताला होणारा विषाणूचा संसर्ग) असल्याचे निघाले. कावीळ त्यांना कधीच झाली नव्हती. १९९३ साली गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र रक्त चढवले होते. यकृताचा सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कठीण होत जाणे) सुरू झाला आहे, पण पोटात पाणी झालेले नाही. जिल्हा रुग्णालयातून सोफॉसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिरच्या गोळ्या मोफत मिळाल्या असून १२ आठवड्यांपैकी आठवा आठवडा चालू आहे. हल्ली पहाटे त्यांना दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात. काल साखर ६२ भरली. रात्री पेज कमी जेवल्यामुळे असे होत असेल, असे घरातल्यांना वाटते. साखरेसाठी त्या ग्लिमेपिराइड घेतात. नव्या गोळ्यांनी साखर उतरते का? शिवाय त्यांच्या पोटऱ्यांवर वर्षभर जांभळे ठिपके येत असतात आणि तळव्यांना मुंग्या येतात. त्याचा या आजाराशी काही संबंध असेल का?

खाडीकाठ (रत्नागिरी) :
ताई, मी फिजिशियन आहे. या गोळ्या थेट साखर उतरवत नाहीत. हिपॅटायटीस सीच्या विषाणूमुळे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. रक्तातला विषाणू नाहीसा होऊ लागला की तो अडसर कमी होतो, पण मधुमेहाच्या गोळीचा डोस जुनाच राहतो. त्यातून ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावत राहते आणि सिरॉसिसमध्ये यकृतातला साखरेचा साठाही तुटपुंजा असतो, म्हणून पहाटे असे होते. पेज कमी जेवणे हे फार तर निमित्त आहे. डोस कमी करायचा की औषध बदलायचे, हे मधुमेहाच्या डॉक्टरांना आजच विचारा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. साखर ७० च्या खाली आली आणि त्या शुद्धीवर असल्या, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. विषाणूच्या गोळ्या मात्र कोणत्याही परिस्थितीत स्वतःहून बंद करू नका.

ठिपक्यांबद्दल : हा विषाणू वर्षानुवर्षे शरीरात राहिला की प्रतिकारशक्तीच्या बी पेशी सतत चेतवल्या जातात आणि काही रुग्णांमध्ये थंडाव्याने साकळणारी प्रथिने, म्हणजे क्रायोग्लोब्युलिन, तयार होतात. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकून त्वचा, सांधे, नसा आणि मूत्रपिंड यांना इजा करतात. म्हणून लघवीतले प्रथिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी), क्रायोग्लोब्युलिन आणि सी४ (रक्तातले प्रतिकारशक्तीचे एक प्रथिन) या तपासण्या करून घ्याव्यात. विषाणू गेल्यावर ठिपके बहुधा लवकर ओसरतात. मुंग्या मात्र रेंगाळतात आणि कधी कधी कायमच्या राहतात, कारण त्यात मधुमेहाचाही हात असू शकतो.

माडबन (वेंगुर्ले) :
मूत्रपिंडाकडे दुर्लक्ष करू नका, ही कळकळीची विनंती. माझ्या धाकट्या भावाचे डोळे सकाळी सुजत आणि लघवीला फेस येई. बरेच दिवस केवळ रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, हिपॅटायटीस सी नंतर सापडला. उपचारानंतर लघवीतून जाणारे प्रथिन पुष्कळ कमी झाले, तरी मूत्रपिंडाची गेलेली ताकद परत आली नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे पित्ताची गोळी. आम्ही ती घरच्या घरी देत होतो, पण तिने वेल्पाटासव्हिर पोटातून कमी शोषले जाते असे कळल्यावर डॉक्टरांना विचारून थांबवली. सासूबाई अशी गोळी घेत असतील तर तीही दाखवा.

आडवाट (चिपळूण) :
मी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे अहवालांविषयी लिहिते. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, तपासतात; तेव्हा विषाणू सापडला नाही तर आजार बरा झाला असे मानतात आणि या औषधांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास रुग्ण तेथवर पोहोचतात. अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, चाचणी मात्र त्यानंतरही पॉझिटिव्हच येते, त्याने घाबरू नये. विषाणू गेल्यावर कोलेस्टेरॉल वाढलेले दिसू शकते, तेही तपासावे. हिपॅटायटीस बीची तपासणी झाली नसेल तर आताच करून घ्या, कारण सी नाहीसा होताना दबलेला बी उसळल्याची उदाहरणे आहेत. सिरॉसिस असल्याने यकृताच्या कर्करोगाचा धोका विषाणू गेल्यावर कमी होतो, संपत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी लागते. बरे वाटू लागले की नेमकी हीच तपासणी लोक सोडून देतात, तेव्हा पहिली तारीख शेवटच्या गोळ्या घेतानाच मागून घ्या.