आय-थ्रीची कॉन्फिग: सगळ्यांची एक, की ज्याची त्याची?

कळफलक: आमच्या प्रयोगशाळेत बारा लिनक्स मशीनवर आय-थ्री (पडद्यावर खिडक्या मांडणारा विंडो मॅनेजर) आहे. सामायिक कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, ‘/इटीसी/आय३’ मध्ये. एका सहकाऱ्याला फक्त फॉन्ट बदलायचा होता. त्याने अख्खी फाइल स्वतःच्या होममध्ये (वैयक्तिक फोल्डरमध्ये) कॉपी केली, एक ओळ बदलली, आणि त्या दिवसापासून सामायिक फाइलमधली एकही दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. आय-थ्रीला होममध्ये कॉन्फिग सापडली की तो ‘/इटीसी’कडे बघतच नाही, दोन्ही एकत्र करत नाही. पुढे आम्ही प्रोजेक्टरचा शॉर्टकट दिला, तो ऐन सादरीकरणात याच्याकडे चालेना.

२०२१ मध्ये आलेल्या ४.२० आवृत्तीपासून ‘इन्क्लूड’ आहे, म्हणजे एका कॉन्फिगमध्ये दुसरी फाइल ओढून घेणारी ओळ. माझं ठाम मत: होममधल्या फाइलची पहिली ओळ सामायिक फाइलचं इन्क्लूड, खाली फक्त स्वतःचं. कॉपी करणं बंदच व्हावं.

एकहाती: अजिबात पटत नाही. सामायिक फाइलमध्ये मॉड-डी या शॉर्टकटवर डीमेन्यू (प्रोग्रॅम उघडायचा मेन्यू) आहे आणि मला तिथे रोफी हा दुसरा मेन्यू हवा. मी खाली तोच शॉर्टकट परत बांधला की आय-थ्री डुप्लिकेट म्हणून एररची पट्टी दाखवतो. स्वे या आय-थ्रीसारख्याच प्रोग्रॅममध्ये नंतरची ओळ चालते, वर शॉर्टकट काढून टाकणारं ‘अनबाइंडसिम’ही आहे. इथे तसं काही नाही. म्हणजे तुमच्या पद्धतीत मला भर घालता येते, बदल करता येत नाही. माझी दोनशे ओळींची एकच फाइल वरून खाली वाचली की सगळं कळतं.

कळफलक: मॉड-डीचा मुद्दा बिनतोड आहे, आम्हीही तिथेच अडकलो होतो. म्हणून सामायिक फाइलचे तुकडे केले: वर्कस्पेस, आवाज-ब्राइटनेस, प्रोजेक्टर, मेन्यू. रोफीवाल्याने मेन्यूचा तुकडा घ्यायचा नाही, बस. आणि कुठल्या फाइल वाचल्या गेल्या ते ‘आय३ --मोअरव्हर्जन’ दाखवतं, शोधत बसावं लागत नाही.

दोन_स्क्रीन: तुम्ही दोघं माणसांच्या आवडीवर भांडताय. मला त्रास होतो तो मशीनचा. स्क्रीनच्या आउटपुटचं नाव लॅपटॉपला ईडीपी-१, घरच्या डेस्कटॉपला एचडीएमआय-१, आणि दोन्हींसाठी गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत) कॉन्फिग एकच. इन्क्लूडच्या ओळीत बॅकटिकमध्ये (` या चिन्हांत) ‘होस्टनेम’ ही मशीनचं नाव देणारी कमांड लिहिली की ज्या त्या मशीनची फाइल आपोआप उचलली जाते. आउटपुटची नावं तिथेच ठेवा, सामायिक फाइलमध्ये कधीच नको.

एकहाती: होस्टनेमची युक्ती मी आजच घेतो, ती माझ्या स्वतःच्याच दोन मशीनसाठी आहे. पण दुसऱ्याच्या ताब्यातली फाइल माझ्या कॉन्फिगमध्ये नको. वर्कस्पेसचे शॉर्टकट बोटांत बसायला मला काही महिने लागले. कुणी रात्री सामायिक तुकडा बदलला, तर सकाळी लॉगिन केल्यावर हात चुकणार माझे. मी महिन्यातून एकदा ‘डिफ’ (दोन फाइलींमधला फरक दाखवणारी कमांड) लावून पाहीन, पटेल तेवढं घेईन.

कळफलक: त्या महिन्याच्या मधे प्रोजेक्टर लागला तर? आमच्याकडे झालं ते नेमकं हेच.